राजकन्येच्या लग्नात मी वरमाय

राजकन्या शंभर वर्षं झोपते, हे मला पहिल्यापासूनच महाग वाटलं होतं.

"चाळीस करा," मी बाईंना म्हणाले. "चाळीस वर्षांत जग काय कमी बदलतं? आमच्या मानपाड्याला बघा. माझ्या लहानपणी जिथे वांगी होती, तिथे आता लिफ्ट आहे."

"गोष्टीत शंभरच आहेत, ताई."

"गोष्ट कोणाच्या बापाची आहे? आपण ती नव्याने सांगतोय ना? बरं, साठ घ्या. माझं नाही, तुमचं नाही. साठ."

बाई हसल्या आणि शंभरावरून हलल्या नाहीत. तिथेच मी ओळखायला हवं होतं की ही बाई साधी नाही. पण त्या शाळेत मराठी शिकवायच्या, खांद्याला शबनम पिशवी लावायच्या, हळू बोलायच्या. अशी माणसं भावात टिकत नाहीत असा माझा समज होता.

भावाचं मला कोणी शिकवायची गरज नव्हती. शाळेतून सुटले की मी आईबरोबर बाजारात भाजी विकायला बसायचे. पुढे डोंबिवली पूर्वेला एका गाळ्यात वाचनालय काढलं, तेही रद्दीवाल्याकडून वजनावर घेतलेल्या पुस्तकांवर. लोकांना आश्चर्य वाटायचं की भाजीवालीची मुलगी पुस्तकांत कशी शिरली. मला त्यात काही फरक दिसला नाही. भेंडी असो की कादंबरी, गिऱ्हाईक आधी नाक मुरडतं आणि मग पिशवी उघडतं.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या एक गोष्ट लक्षात आली. तेरा-चौदा वर्षांच्या पोरी टेबलासमोर येऊन नुसत्या उभ्या राहायच्या. परीकथा पुढे केली की म्हणायच्या, "काय ओ ताई, आम्ही काय बाळं आहोत?" प्रेमाच्या कादंबऱ्यांच्या कपाटाकडे हात गेला की मागून आई खाकरायची. मधलं काहीच नव्हतं. म्हणजे गिऱ्हाईक होतं आणि माल नव्हता, आणि असं दिसलं की मला रात्रभर झोप लागत नाही. मी ठरवलं, माल आपणच काढायचा. जुनीच गोष्ट घ्यायची, तिची जाडजूड कादंबरी करायची. राजकन्या त्या पोरींच्या वयाची, आईशी भांडणारी, आरशासमोर तास घालवणारी. लिहायला या बाई, छापायला कल्याणचा एक छापखाना, आणि खर्च माझा.

खर्च माझा म्हटल्यावर गोष्टीत माझं तोंड घालणं आलंच. शाप देणाऱ्या चेटकिणी मी तीनवर आणल्या. हत्ती पूर्ण काढून टाकले, कारण हत्ती आला की त्याचं वर्णन येतं आणि पान खातं. राजवाडा परदेशात नको म्हटलं, तर बाईंनी तो शहाडच्या पुढे उल्हास नदीच्या काठावर बांधला. भोवती गुलाबाचं काटेरी रान होतं, त्याजागी निवडुंग आला. एवढं सगळं त्यांनी मुकाट्याने सोडलं. मला वाटलं, आपण जिंकतोय.

शेवट मी वाचला नाही. राजपुत्र निवडुंग तोडत आत शिरतो इथपर्यंत वाचलं आणि हस्तलिखित छापखान्यात पाठवलं. पुढे काय असणार? लग्न. ते वाचण्यात वेळ कशाला घालवायचा? ही माझी चूक होती असं कोणी म्हणेल, मी म्हणणार नाही. टोपलीत वर ताजी भाजी आणि खाली किडकी लावणाऱ्याला आमच्या बाजारात काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

कारण बाईंनी खाली लावलं होतं ते असं. राजपुत्र पोचायच्या आधीच कोणीतरी बिल्डर शेजारच्या जमिनीत बोअरिंग सुरू करतो आणि त्या आवाजाने राजकन्या आपली आपणच जागी होते. राजपुत्र येतो तेव्हा ती वेणी घालत असते. ती त्याला बसायला सांगते, पाणी देते, त्याच्या हातातले काटे काढते. तो लग्नाचं विचारतो. ती म्हणते, "शंभर वर्षांत काय काय झालं ते आधी बघून येते." आणि जाते! राजपुत्र राजवाड्यात थांबतो, पाण्याचा टँकर आला तर भरून घ्यायला. संपली कादंबरी.

पोरींनी पुस्तकावर उड्या घातल्या. आणि मग आया आल्या.

त्यांच्या पुढारी होत्या बँकेतल्या काकू. त्या बँकेत कामाला होत्या आणि घरातही काउंटरपलीकडून बोलल्यासारख्या बोलायच्या.

"काल माझ्या थोरल्या मुलीला बघायला मंडळी आली होती," त्या पुस्तक टेबलावर आपटून म्हणाल्या. "मुलगा गोरा, सरकारी नोकरीत. धाकटीचं हे पुस्तक वाचून ही काय म्हणाली माहितेय? 'विचार करून सांगते.' विचार! आमच्या घरात आजपर्यंत कोणी केला नव्हता!"

"अहो, पण गोष्ट आहे ती."

"गोष्ट कसली? शंभर वर्षांची घोडी झाली ती! आणखी किती थांबणार? पुढे कोण विचारणारे तिला? त्या पोराने बिचाऱ्याने एवढा निवडुंग तोडला, त्याचं काय?"

बाकीच्या आयांनी माना हलवल्या. शेवट बदला, नाहीतर सगळ्या मिळून वाचनालय सोडू, असं त्यांनी सांगितलं. माझं वाचनालय म्हणजे याच आया होत्या. त्या गेल्या तर मला परत पाटी डोक्यावर घ्यावी लागली असती.

बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "एक शब्द बदलणार नाही. तिला जायचंय, तिला जाऊ द्या." आवाज हळूच, पण टेबलावरची प्रत त्यांनी उचलून शबनममध्ये घातली. त्यांचा जीव त्या शेवटात होता हे मला दिसलं. म्हणूनच मी मधला भाव काढला.

"पुस्तक आहे तसं राहू दे. पण आपण इथे, वाचनालयात, राजकन्येचं लग्न लावू. खरंखुरं. मग 'राजकन्या परत आली आणि तिचं लग्न थाटात झालं' अशी एक चिठ्ठी छापून घेते आणि प्रत्येक प्रतीच्या शेवटच्या पानावर चिकटवते. तुमचा शब्द न शब्द शाबूत, आणि यांचं लग्नही झालं."

आयांना हे एकदम पटलं. यात काही विचित्र आहे असं एकीलाही वाटलं नाही.

"चालेल," बाई म्हणाल्या. "पण लग्न रीतसर हवं. हळद, रुखवत, मानपान, पाय धुणं, पंगत, सगळं. अर्धवट लग्न मी मानणार नाही. लग्न लागलं तर चिठ्ठी, नाहीतर नाही."

"बघा, बाईंनाच किती हौस आहे!" बँकेतल्या काकू खूश झाल्या.

आता नवरी म्हणजे कादंबरीची एक नवी कोरी प्रत. भटजींना विचारलं तर त्यांनी पुस्तकाची रास विचारली आणि चालते झाले. मग मी आत्याला आणलं. आत्या आमच्या गावची धवलारीण. आमच्यात लग्न लावायला भटजी नसे, धवलारीण असे. ती सगळं लग्न गाण्यातच लावते.

"नवरी कोन?" आत्याने विचारलं. मी पुस्तक दाखवलं. "नवरा?"

"याचीच दुसरी प्रत."

आत्याने पाय मागे घेतला. "दोन्ही एकाच आयशीची? बहिन-भावाचा लगीन लावू का गो मी? मना नरकात घालतेस?"

बरोबर होतं तिचं. मग नवऱ्याचा शोध सुरू झाला. आयांनी सगळी कपाटं पालथी घातली. रहस्यकथा नको, घरात पोलीस येतील. पाकशास्त्राचं पुस्तक नको, बायल्या वाटेल. शेवटी सगळ्यांनी शब्दकोश पसंत केला. अंगाने धिप्पाड, कातडी बांधणी, आणि मी तो कोणाला घरी नेऊ देत नसल्यामुळे आजपर्यंत कधी बाहेर रात्र न काढलेला. अशा मुलाला कोण नाही म्हणेल? शब्दकोश माझा, म्हणून वरमाय मी. कादंबरी बाईंची, म्हणून मुलीची आई बाई.

आणि मग आयांच्या दोन बाजू पडल्या. काल एकत्र भांडायला आलेल्या बायका आज मुलीकडच्या आणि मुलाकडच्या झाल्या. बँकेतल्या काकू मुलीकडच्या. त्यांनी रुखवतात चकल्या मांडल्या, तर मुलाकडच्या एकीने चकली खिडकीच्या गजावर वाजवून दाखवली. मुलाकडच्यांनी आणलेली साडी, जी पुस्तकाला कव्हर म्हणून घालायची होती, मुलीकडच्यांनी उजेडात धरली आणि नुसतं "हं" म्हटलं. त्या "हं"वर जिन्यात वाद झाला. मला गंमत वाटत होती. वाटत होती म्हणते, कारण दुसऱ्या दिवशी मी स्वतः एका मुलीकडच्या बाईला पुस्तक बदलून द्यायला उशीर लावला.

रविवारी दुपारी लग्न. टेबलावर छापून आलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि शेजारी वाटीत खळ तयार. आत्याने नवरीला हळद लावली, ती मुखपृष्ठातून आत दहा-बारा पानांपर्यंत उतरली. शब्दकोशाला मुंडावळ्या बांधल्या. माझ्यासाठी खुर्ची मांडली, समोर परात ठेवली. मी नवी साडी नेसले होते. खरं सांगते, माझे पाय आजवर कोणी धुतले नव्हते. माझ्या लग्नात माझ्या आईने माझ्या सासूचे धुतले, तेव्हा सासूने पाय आखडून घेतला होता, आईच्या हातांना भाजीचा वास येतो म्हणून. मी परातीत पाय ठेवले आणि माझा ऊर भरून आला. नाटक आहे हे मी साफ विसरले.

बाई तांब्या घेऊन समोर बसल्या. आणि थांबल्या.

"ताई, एक विचारू? पाय मुलाच्या आईचे धुतात. हा मुलगा तुमचाच ना?"

"म्हणजे?"

"नाही, आतल्या पानावर दुसऱ्याच कोणाचातरी शिक्का दिसला."

"रद्दीतून आणलाय ना तो!" मागून बँकेतल्या काकू मोठ्याने म्हणाल्या. "दत्तक म्हणा!"

मुलीकडच्या हसल्या.

मी उठले. परात उलटली, पाणी सतरंजीवर गेलं. "रद्दीतून? हो, रद्दीतून! पाठीचा कणा तुटला होता त्याचा! माझ्या हाताने शिवलाय मी त्याला, लहानाचा मोठा केलाय! तुमच्या मुलीला शंभर वर्षं झोपण्याशिवाय येतं काय? चला गं! वरात परत चालली!"

मी शब्दकोश कमरेवर घेतला आणि रस्त्यावर आले. माझ्या बाजूच्या आया तत्त्व म्हणून मागून निघाल्या. नाक्यावरचे रिक्षावाले उठून उभे राहिले. मुंडावळ्या बांधलेलं पुस्तक बघून एकजण म्हणाला, "मावशी, नवऱ्याला चक्कर आली काय?"

आत्या गाणं तोडून दारात आली. "हलद लागलेली पोर सोडून कुटं चाललीस गो?"

आता रीत अशी आहे की वरमाय रुसली की मुलीकडच्यांनी येऊन तिची समजूत काढायची. एकाने हात धरायचा, दुसऱ्याने "चुकलं" म्हणायचं, आणि वरमाईने दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा परत यायचं. मला रीत माहीत होती. मी मुद्दाम हळूहळू चालत होते. औषधाच्या दुकानापाशी तर मी पदर नीट करायला थांबलेसुद्धा. एक मऊ शब्द पुरला असता, लग्न लागलं असतं, चिठ्ठ्या चिकटल्या असत्या.

मी मागे वळून बघितलं. बँकेतल्या काकू दारात उभ्या होत्या. पिवळीधमक झालेली नवरी त्यांनी छातीशी घट्ट धरली होती.

"जाऊ द्या!" त्या ओरडल्या. "असल्या तापट घरात आम्हाला मुलगी द्यायचीच नाही! शंभर वर्षं निवांत झोपलेली पोर ती, या सासूपुढे दोन दिवस टिकायची नाही!"

"बरोबर आहे!" बाकीच्या मुलीकडच्या म्हणाल्या. "काय अडलंय तिचं लग्नावाचून? हिंडू दे तिला! बघू दे जग!"

बाई त्यांच्या मागे तांब्या हातात धरून उभ्या होत्या.

मुलीकडच्यांनी पंगत उरकून घेतली. आम्ही मुलाकडच्या समोरच्या फुटपाथवर उपाशी. संध्याकाळी मी आत गेले तर चिठ्ठ्यांचा गठ्ठा तसाच होता. मी खळीला हात लावला, तर काकूंनीच वाटी उचलली. "लग्न झालेलं नाही. खोटी नोंद मी बँकेत असते तरी होऊ दिली नसती... म्हणजे मी बँकेतच आहे, म्हणून सांगते. चालणार नाही."

वाचनालय कोणी सोडलं नाही. उलट त्या आठवड्यात आयाच ती कादंबरी मागायला लागल्या. पोरगी नेमकी का गेली ते नीट बघायचं होतं म्हणे. राजकन्येवर मुलीकडच्यांचा आता एवढा जीव जडला होता की तिच्याविरुद्ध शब्द काढायची सोय राहिली नाही. काकूंच्या मुलीने विचार केला आणि त्या सरकारी नोकरीवाल्याला नाही म्हणून कळवलं. तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "त्याची आई मला पहिल्यापासून तापट वाटत होती."

पुढे ठाण्याला एका कार्यक्रमात बाईंना स्टेजवर बसवलं. त्यांनी माइकवर सांगितलं की या पुस्तकाचा शेवट वाचकांनी राखला. टाळ्या झाल्या. मी तिसऱ्या रांगेत होते, माझा उल्लेख नव्हता. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं.

"तुम्ही तो शिक्क्याचा विषय मुद्दाम काढलात."

"मी नुसतं विचारलं, ताई," बाई म्हणाल्या, तशाच हळू आवाजात. "बाकी तुमच्या रागावर माझा पूर्ण भरवसा होता."

आणि गोड हसून खाली उतरल्या. इतकी वर्षं मी प्रत्येक वस्तूचा भाव केला, रद्दीचा, कागदाचा, चेटकिणींचा. राग एवढाच काय तो माझा स्वतःच्या घरचा माल होता. तो या बाईने भाव न विचारता उचलून नेला, आणि मी वर पिशवीही दिली.