फ्रीजरमधली हार्ड डिस्क

किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. माणिकपूरला मी दुकानाचं शटर वर केलं की ते आपल्या पायांनी चालत येतात. माझं शिक्षण सातवी. आधी रेडिओ केले, मग टीव्ही केले, आता कॉम्प्युटर करतो. शिकलेली माणसं मशीन बिघडवतात, म्हणून माझं दुकान चालतं.

एकाच आठवड्याचं सांगतो.

*

सोमवारी सांडोरचा पास्कू आला. माझ्याच वयाचा, केळीची वाडी आहे त्याची. हातात पिशवी, पिशवीला बोंबलाचा वास.

"बाबू, हार्ड डिस्क आहे. कॉम्प्युटर सुरू होत नाही, आतून टक् टक् करते."

"आणि मासळीचा वास कसला?"

"व्हिडिओत सांगितलं, फ्रीजरमध्ये ठेवली की सुधारते. दोन दिवस ठेवली."

"बोंबलांबरोबर?"

"जागा तिथेच होती!"

मी हसणार होतो. पण त्याने पुढचं सांगितलं. त्याची बायको मार्था दोन वर्षांपूर्वी गेली. लग्नातली जुनी गाणी, घरच्या बोलीतली, तिने कॉम्प्युटरसमोर बसून गायली होती, रेकॉर्डिंग पास्कूने केलं होतं. अकरा गाणी, सगळी या डिस्कमध्ये. रविवारी मुलीचं लग्न. मुलीला आईचंच गाणं हवं.

"दुसरी कॉपी ठेवलीस ना?"

"ठेवली की! सी ड्राइव्हमध्ये एक, डी ड्राइव्हमध्ये एक."

"पास्कू, ते दोन्ही याच डिस्कचे कप्पे. कपाटाला आग लागली, आणि तू म्हणतोस दुसरी साडी खालच्या कप्प्यात आहे."

डिस्क आधी नीट सुकू दिली. मंगळवारी माझ्या मशीनला जोडली. अशा डिस्कमधून एकेक तुकडा उचलावा लागतो, दिवस जातात. "हात लावू नकोस," मी बजावलं. त्याने स्टूल ओढलं आणि बसला. रोज येऊन बसायला लागला.

*

त्याच मंगळवारी एक वकील आले. नवीन ऑफिस, नवीन कॉम्प्युटर.

"पहिल्या दिवसापासून बंद! मी कंपनीला नोटीस पाठवणार आहे."

मी कॅबिनेट उघडलं. पंख्यात अक्षता. पॉवरच्या बटणावर हळदकुंकवाचा थर, बटण आत गेलेलं वर येईना. आणि मदरबोर्ड ओला.

"साहेब, पूजेचा नारळ कुठे फोडला?"

"मशीनवरच. त्याचीच तर पूजा होती!"

"प्रसाद पोचलाय. नोटीस कोणाला पाठवायची ते तुम्ही ठरवा."

*

बुधवारी नायगावहून फोन. टॉवरमधला एक इंजिनियर.

"काका, हार्ड डिस्क गेली. विंडोज मिळत नाही म्हणतोय. पाच तास रिसर्च केलाय मी."

लिफ्ट बंद होती. सात मजले चढलो. मशीनच्या मागे हात घातला, पेन ड्राइव्ह उपटला, बटण दाबलं. सुरू! कॉम्प्युटर बिचारा पेन ड्राइव्हमध्ये विंडोज शोधत बसला होता. आत त्याच्या बायकोच्या योगा क्लासचे व्हिडिओ.

"हे मी ट्राय करणारच होतो, काका."

"मग सात मजले मला कशाला ट्राय करायला लावलेस?"

*

गुरुवारी जूचंद्रच्या एक वहिनी रिक्षातून नातवाचं मशीन घेऊन आल्या.

"बाबूदादा, धा मिन्टान बंद परतं."

मशीनला जुन्या साडीचा अभ्रा. चारी बाजूंनी शिवलेला, वर नाडी.

"चालू करताना हा काढता ना?"

"कनाला? धूल बसंल ना!"

"वहिनी, तुम्ही गोधडी गुंडाळून भात कापायला जाल का?"

वहिनी भडकल्या. "माझी शिलाई वायीट हाय का?"

पास्कू खो खो हसला. मी त्याच्याकडे पाहिलं. "तू हसू नकोस. तुझ्या डिस्कला अजून वास येतोय."

शुक्रवारी तो दिवसभर पडद्यावरचे आकडे बघत बसला.

*

शनिवारी दुपारी डिस्कचा आवाज बंद झाला. कायमचा. जे हाती लागलं ते तपासलं.

"अकरातलं एक आलं, पास्कू. बाकीची तुझ्या फ्रीजरने खाल्ली."

"लाव," तो म्हणाला.

लावलं. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग मार्थाचा, चांगला खणखणीत:

"माझ्या तोंडाकडं काय बघतोस? मशीनचा दिवा लागलाय का बघ आधी!"

पास्कू स्टुलावरून उठला. गुडघ्यावर हात ठेवून टेबलाखाली वाकला. माझ्या मशीनकडे नीट पाहिलं.

"लागलाय," म्हणाला.

मग ती गायला लागली.