बग्गीचा टप

आमच्या टॅक्सी कंपनीच्या गॅरेजमध्ये सीटची कव्हरं शिवणाऱ्या गृहस्थांना सगळे 'टपवाले' म्हणतात. त्यांचे वडील बग्ग्या बांधायचे आणि बग्गीवरचा उघडमीट होणारा चामड्याचा टप ही त्या घराची खासियत. मी बसतो त्या हिशेबखात्याची खिडकी त्यांच्या शिलाई मशीनसमोरच उघडते. त्यामुळे आमचा दुपारचा चहा एकत्र होतो आणि त्यांच्या तक्रारी मला तोंडपाठ आहेत.

"साहेब, ज्या कॅबच्या जिवावर ही कंपनी चालते ना, ती मुळात घोड्याची गाडी. दोन चाकी, हलकीफुलकी. डॅशबोर्ड म्हणजे घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवायची फळी. आता तिच्यावर गाणी वाजतात! डिकीत तुम्ही बॅगा कोंबता, पण डिकी म्हणजे गाडीमागची नोकराची बसायची जागा. आगगाडीचा कोच तोही आमचाच. घोडा गेला आणि नावं मोटारवाल्यांनी लाटली. आयत्या बिळावर नागोबा!"

हा नागोबा म्हणजे मोटारवाला नव्हे, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. नागोबा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ.

वडिलांचा कारखाना बंद पडल्यावर टपवाल्यांनी आमच्याकडे नोकरी धरली. धाकट्याने मात्र पलीकडच्या रस्त्यावर मोटारीच्या सीटचं स्वतःचं दुकान थाटलं आणि वर मोठी पाटी लावली: 'बग्गीवाले'. खाली चकचकीत मोटारीचं चित्र. दुकान जोरात चालू लागलं.

"घराण्याचं नाव लावलं आणि मला विचारलंसुद्धा नाही," टपवाले म्हणायचे.

"विचारलं असतं तर लावू दिलं असतं?"

"मुळीच नाही. पण विचारायला काय झालं होतं?"

गावाबाहेरच्या मोठ्या हॉटेलात पाहुण्यांना फाटकापासून दारापर्यंत नेणाऱ्या बॅटरीच्या गाड्या आहेत. त्यांनाही बग्गीच म्हणतात. तिथल्या मालकाच्या मनात आलं की दारात एक खरीखुरी बग्गी उभी करावी. भंगारातून एक मोडकी बग्गी आणली आणि दुरुस्तीला कोणाकडे द्यायची म्हणून शोधाशोध केली, तर त्याला ती पाटी दिसली. बग्गी धाकट्याकडे गेली. तिची पायरी घासताना खाली वडिलांच्या कारखान्याचा ठसा निघाला.

ही बातमी आली त्या दुपारी टपवाल्यांच्या चहावर साय धरली.

"आयुष्यात त्याने एक टप शिवलेला नाही! मी आणि वडील शिवायचो, हा फक्त सुईत दोरा ओवून द्यायचा. आणि वडिलांच्या बग्गीचा टप आता हा करणार?"

त्यानंतर ते रोज घरी जाताना उलट्या रस्त्याने, धाकट्याच्या दुकानावरून जाऊ लागले. मी विचारलं, "कसं चाललंय काम?"

"मला काय माहीत? मी काय बघायला जातो?" असं म्हणून लगेच, "दोरा काळा घेतलाय. तपकिरी शोभला असता."

मग एक दिवस ते चक्क हसत आले. गॅरेजमध्ये सगळे जरा बिचकलेच.

"साहेब, चूक केली त्याने! टप पूर्ण उभा केला आणि ओलं चामडं ढोलासारखं ताणून ठोकलं. सीट शिवणाऱ्याची खोड. सीट जितकी ताणाल तितकी देखणी. टपाला मात्र ढील ठेवावी लागते, चामडं वाळताना आकसतं. हा टप एकदा मिटला की पुन्हा उभा राहायचा नाही."

"मग सांगितलंत त्याला?"

"मला कोणी विचारलंय?"

"अहो, बग्गी वडिलांची आहे."

"घोडामैदान जवळच आहे. बग्गीवाला कोण, ते कळू दे लोकांना."

दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचा माझा स्वभाव नाही.

हॉटेलच्या दारात बग्गी उभी करायचा समारंभ ठरला होता, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी धाकटा स्वतः गॅरेजमध्ये आला. हात काळ्या रंगाने माखलेले, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"दादा, उद्या टप तूच मिटायचा आणि तूच उभा करायचा, सगळ्यांसमोर. बग्गीशेजारी फलक लागणार आहे, त्यावर तुझं नाव घातलंय. टपाची कला दादाची, मी त्याच्याकडे बघून शिकलो, असं मी मालकांना सांगितलंय."

तो गेला. टपवाल्यांचा चेहरा उतरला होता.

"बघितलंत? इतकी वर्षं नाव घेतलं नाही, आणि आता घेतलं ते बुडवायला!"

"त्याला कुठे ठाऊक आहे?"

"तेच ना!" ते खेकसले. मग टोच्या आणि हातोडी पिशवीत टाकून म्हणाले, "अर्धा दिवस रजा लावा माझी. आणि तुम्हीही चला. एकटा गेलो तर हाणामारी होईल."

दुकानात शिरताच त्यांनी फर्मावलं, "टप मीट."

"अरे, उद्या तूच..."

"मीट म्हणतो ना!"

टप झोकात मिटला. उभा करू लागले तर अर्ध्यावर येऊन अडला. कमानींचे लोखंडी दांडे सरळच होईनात. धाकट्याने जोर लावला तशी एक शिवण करकरली. तो पांढराफटक पडला.

"दादा, तुला हे कधीपासून ठाऊक होतं?"

"चामडं ओलं होतं तेव्हापासून."

"आणि बोलला नाहीस?"

"पाटी लावताना तू बोलला होतास?"

आतून धाकट्याच्या बायकोचा आवाज आला, "भावजी, भांडण उद्यावर ठेवा. आधी खिळे काढा!"

दोघे कामाला लागले. मागच्या कडेचे खिळे उपटले, तिथे चामड्याची पट्टी जोडली, ढील ठेवून पुन्हा ठोकलं. थोरला हात पुढे करी, धाकटा न विचारता हवं ते अवजार देई. मध्येच टपवाल्यांनी चष्मा वर सरकवून धाकट्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं. बोट एका जागी थांबलं, पुन्हा मागे आलं. मग टप मिटला आणि एका हाताने उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी टाळ्या पडल्या, फोटो निघाले. परतताना टपवाले माझ्यासोबत होते.

"आता तरी बरं वाटलं ना? फलकावर नाव लागलं," मी म्हणालो.

"टाके बघितलेत त्याचे? वडिलांचेसुद्धा इतके एकसारखे नव्हते." थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "माझे तर नव्हतेच. सुईत दोरा ओवता ओवता सगळं बघत होता, मेला."

सोमवारी मी खिडकी उघडली तर ते एका कॅबच्या सीटचं नवंकोरं कव्हर उसवत बसले होते.

"फाटलं की काय?"

"फाटलं नाही," ते मान वर न करता म्हणाले. "शिवण वाकडी आहे."

मला ती सरळच दिसत होती.