केरूची न उकळणारी लॉरी

रविवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी केरू घवाळी चुलीपुढे उकिडवा बसून भाताच्या टोपात दोन पितळी झडपा सोडत होता. दोन्ही सुतळीला बांधलेल्या होत्या. त्याची बायको राही धुतलेले तांदूळ घेऊन मागे उभी होती.

"अवो, ह्याच टोपात मी भात करायचा ना?"

"मंग कर की. पाणी तर मीच तापवतोय."

केरू हरिहरपंतांची लॉरी चालवायचा. साल १९३६. पुढच्या बाकांवर दहा माणसं, मागे नारळाची पोती घेऊन लॉरी सकाळी सहाला रत्नागिरीहून सुटे आणि हातखंबा, साखरपा करत आंबा घाट चढून कोल्हापूर गाठी. तिथून सव्वादोनला आगगाडी निघे. माणसं त्या गाडीसाठीच येत. पण घाटात लॉरीचं पाणी तीनदा उकळे आणि दर वेळी अर्धा तास तरी मोडे. त्या महिन्यात आगगाडी चारदा चुकली. पंत म्हणाले होते, "केरू, आणखी एकदा चुकली की चाक दुसऱ्याच्या हातात." पंत आवाज चढवत नसत, म्हणून त्यांचं बोलणं खरं मानावं लागे.

दोष थर्मोस्टॅटमध्ये होता. इंजिन गार असताना पाणी अडवून धरायचं आणि तापलं की रेडिएटरकडे सोडायचं, एवढंच त्या झडपेचं काम. जुनी गंजून अर्धवट मिटलेली राहिली होती.

"मंग काढून टाका नि मोकळे व्हा," राही म्हणाली.

"टाकली होती. येताना मलकापुरास रात्री इंजिन तापेचना. खोकत खोकत निम्मं पेट्रोल प्यालं."

राहीचा भाऊ गंगाराम मुंबईस गोदीत होता. त्याने जुन्या बाजारातून दोन झडपा पाठवल्या. किती तापल्यावर उघडते तो आकडा एकीवरही नव्हता. एक चकचकीत, दुसरी काळवंडलेली. गंगारामने चिठीत लिहिलं होतं, चकचकीत बसवा.

टोपाच्या तळाशी बारीक बुडबुडे धरले तेव्हा काळी उघडली. चकचकीत मात्र पाणी खदखदून चुलीत उतू गेलं तेव्हा कुठे जागी झाली.

"भावाला सांग, तुझी झडप सरकारी हपीसात शोभेल," केरू म्हणाला आणि त्याने काळी उचलली.

दुपारी त्याने ती बसवली. रेडिएटरमधला गाळ धुऊन काढला. मग घासलेटचा डबा कापून पंख्याभोवती पत्र्याचं कडं केलं, म्हणजे पंखा आजूबाजूची हवा न ओढता सगळी रेडिएटरमधूनच ओढेल.

सोमवारी लॉरी घाट न उकळता चढली. पहिल्या वळणावर पऱ्याच्या वाहत्या पाण्याकाठी सगुणाबाईचं चहाचं खोपटं होतं. लॉरी रोज तिथेच पहिल्यांदा उकळायची. सगुणाबाई घावनांचं पीठ ढवळत बघत राहिली आणि लॉरी समोरून निघून गेली.

बाकावर कुजबुज सुरू झाली. दत्तात्रेय मास्तर म्हणाले, "वाफ नाही म्हणजे आत पाणीच नाही. केरू, बघ एकदा."

"पाणी हाय, मास्तर."

"असतं तर उकळलं नसतं?"

लॉरी साडेबाराला कोल्हापुरात पोचली. चहा नाही, घावन नाही, आणि झाडाआड जाऊन यायलाही कुणी उतरलेलं नाही. स्टेशनावर पावणेदोन तास बसून माणसांनी केरूचा उद्धार केला. गुरुवारी बाकावर तीनच माणसं उरली. बाकीची बाबल्याच्या लॉरीत गेली. ती पाचलाच सुटायची, दोनदा उकळायची, पैकी एकदा सगुणाबाईकडे, आणि तरी आगगाडी मिळवून द्यायची.

"गाडी चुकत होती तेव्हा लोक शिव्या देत, पण लॉरीत बसत," पंत म्हणाले. "आता शिव्या देतात आणि बसतही नाहीत. शनिवारपर्यंत बाक भर, नाहीतर किल्ली ठेव."

शुक्रवारी केरूने वळणावर लॉरी आपणहून थांबवली. "उतरा, च्या घ्या."

कुणी हललं नाही. "बिघडलंय काय?" मास्तरांनी विचारलं.

"काय नाय."

"मग आमचा वेळ का मोडतोस? त्या बाईशी काही ठरलंय वाटतं."

मागच्या बाकावरच्या उमाबाई झाडाआड जायला पहाटेपासून कुठे लॉरी थांबते याची वाट बघत होत्या. त्याही पदर सावरून तशाच बसून राहिल्या. लॉरी चांगली असताना आपण उतरायचं, हे बरं दिसलं नसतं.

केरू पाणी प्यायला खोपटाशी गेला.

"केरूदादा," सगुणाबाई म्हणाली, "माणूस सांगितल्यावर उतरत नाय. लॉरी रुसली की उतरतो. तिला रुसू दे की."

केरूने तिचा तांब्या उचलला. लॉरीशी येऊन बॉनेट उघडलं, पाठ बाकाकडे केली आणि तापलेल्या धुराच्या नळीवर पाण्याची बारीक धार धरली. फस्सकन वाफेचा लोट उठला.

"बघा," मास्तर समाधानाने म्हणाले, "मी सोमवारीच सांगितलं होतं." ते उतरले. उमाबाई त्यांच्याआधी उतरल्या होत्या.

वीस मिनिटांनी सगळे घावन खाऊन परत बसले आणि लॉरी एकला दहा कमी असताना कोल्हापुरात पोचली. शनिवारी बाकावर सात माणसं होती, सोमवारी दहा. पंतांनी किल्लीचं नाव काढलं नाही. फक्त विचारलं, "ती झडप बसवूनही उकळतेच का रे?"

"एकदाच, पंत. वेळेवर."

मास्तर आता नव्या माणसाला बजावतात की केरूची लॉरी भरवशाची, कधी उकळणार ते आधी सांगता येतं.

उद्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ती पहिल्या वळणावर बॉनेट उघडं टाकून उभी असेल, आणि साडेनऊला निघेल.