निळा पट्टा

मला कुत्र्यांचं फारसं प्रेम नाही, हे आधीच सांगून टाकते. लहानपणी नगरला आमच्या गल्लीतल्या एका कुत्र्याने माझ्या पोटरीचा लचका तोडला होता, त्याची खूण अजून आहे. त्यामुळे सुप्याच्या माळावरच्या भटक्या कुत्र्यांपायी मी शाळेपासूनच्या मैत्रिणीशी बोलणं टाकलं, हे ऐकून घरचे हसतात. मला अजून हसू येत नाही.

माझं काम आकड्यांचं. एखाद्या भागात जनावरं किती, ती वाढतात कशी, घटतात कशी, त्यांच्यात रोग कसा फिरतो, याचं गणित मांडायचं आणि पुढे काय होईल त्याचा अंदाज द्यायचा. आई शेजारणींना सांगते, 'ती कॉम्प्युटरवर जनावरं मोजते.' मैत्रीण पशुवैद्य. माझे वडील शिकवायचे त्याच शाळेत आम्ही एका बाकावर होतो. नाताळला आमच्या घरी करंज्या तळल्या की पहिलं ताट तिचं असायचं, आणि ती हक्काने दुसरं मागून घ्यायची. पुढे ती वन्यजीवांच्या एका प्रकल्पाची प्रमुख झाली आणि तिने मला बोलावलं. मी आनंदाने गेले.

झालं होतं असं. माळावरची खोकडं मरत होती. खोकड म्हणजे आपला तो लहानसा, झुपकेदार शेपटीचा कोल्हा. एरवी दिवसा दृष्टीस न पडणारा हा प्राणी भर दुपारी रस्त्याकडेला गोल गोल फिरताना लोकांना दिसू लागला, डोळे चिकटलेले, तोंडाला फेस. तपासणीत डिस्टेंपर निघाला. हा कुत्र्यांचा रोग, आणि माळावर कुत्री उदंड झाली होती. कारखाने आले, खानावळी आल्या, चिकनची दुकानं आली, त्यांचं उष्टं-खरकटं माळाच्या कडेला पडू लागलं आणि कुठकुठची कुत्री तिथे येऊन राहिली. मूळची माळाची नव्हेत, पण माळ आता त्यांचाच झाला होता.

कुत्र्यांना लस द्यायची असं ठरलं. पण किती कुत्र्यांना दिली म्हणजे रोग थांबेल, हे काढायला आधी कुत्री किती ते कळायला हवं. त्याची रीत सोपी आहे. आज जेवढी हाताला येतील तेवढ्यांना लस देऊन रंग लावायचा. उद्या पुन्हा फिरायचं आणि दिसलेल्यांपैकी किती रंगलेली ते बघायचं. निम्मी रंगलेली दिसली, तर एकूण कुत्री आपण रंगवली त्याच्या साधारण दुप्पट. यात एक खोच आहे. माणसाळलेली कुत्री पटकन हाताला येतात, बुजरी येतच नाहीत, त्यामुळे अंदाज चुकतो. ती खोच मी गणितात धरली होती आणि मैत्रिणीला नीट समजावूनही सांगितली होती.

रंग आम्ही मेंढरांचा घेतला. निळा, कातडीला अपाय न करणारा, सुप्यात कुठेही मिळणारा. पाठीवर एक पट्टा ओढायचा. चांगला दिसतो, पावसातही टिकतो. यात काही वावगं असेल असं माझ्या ध्यानीमनी आलं नाही.

माळाच्या मधोमध एका मेंढपाळ बाईचा वाडा असायचा. वाडा म्हणजे जाळीचं कुंपण, आत मेंढरं, बाजूला राहायचं कापडी पाल. पावसाळाभर त्या इथे, दिवाळी झाली की कोकणाच्या वाटेला. मी त्यांना मावशी म्हणायचे. त्यांची दोन कुत्री, एक तांबडी आणि एक काळी, रात्रभर लांडग्याला वाड्यापासून लांब ठेवायची. शिवाय काळीचं एक पिल्लू होतं. मावशींनी हाक मारली की दोन्ही कुत्री येऊन पायाशी लोळण घ्यायची. मी सुई भरली तेव्हा मावशींनीच कुत्री धरून दिली. रंगाची डबी उघडली तशा पुढे झाल्या.

"रंग कशापायी गं लेकी?"

"लस दिल्याची खूण, मावशी. उद्या मोजायला सोपं जातं."

"आमच्यात रंग लावला म्हंजी माल इकला. बाजारात व्यापारी यीतो, मेंढरू चाचपतो, पाठीवर पट्टा वढतो. मंग ते मेंढरू आपलं न्हाई. त्याला पानीसुदिक पाजत न्हाई आमी."

मी हसले. त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "मावशी, हा पट्टा उलटा आहे. हा असला की कुत्र्याला कुणी हात लावणार नाही. मी सांगते ना."

मैत्रीण शेजारीच उभी होती. तीही म्हणाली, "मावशी, ही सांगते ते खरं आहे." मावशींनी आम्हा दोघींकडे पाहिलं आणि तांबडीला मांडीशी ओढलं. दोन्ही कुत्र्यांच्या पाठीवर मी स्वतः पट्टे ओढले. पिल्लू मात्र पालाखाली शिरलं ते बाहेर आलंच नाही. त्या दिवशी मावशींनी शेळीच्या दुधाचा चहा केला, त्यात गवती चहा टाकला होता. मैत्रीण दोन कप प्यायली.

त्यानंतर मी गणित पूर्ण केलं. पडद्यावर दोन रेषा काढून दाखवल्या. कुत्री उचलून नेली, तर रोग झटकन खाली येतो, पण माळाकडेचं खरकटं तसंच असतं. रिकाम्या जागेवर बाहेरून नवी कुत्री येतात, त्यांना लस नसते, आणि रोग पहिल्यापेक्षा जोरात उसळतो. लस देत राहिलं, खरकटं आवरलं, तर रेषा सावकाश खाली येते, पण खालीच राहते. मैत्रीण म्हणाली, "झकास. आता वरिष्ठांच्या बैठकीत मी बघते." मी निर्धास्त झाले. तिच्या हाती काम दिलं की मी लहानपणापासून निर्धास्तच व्हायचे.

नवरात्र सरल्यावर दुसऱ्या फेरीच्या लशी घेऊन मी एकटीच माळावर गेले. मैत्रिणीला बैठक होती. वाटेत एकही पट्टेवालं कुत्रं दिसेना. लांबून भुंकून पळणारी बुजरी तेवढी होती. मला आधी वाटलं रंग उडाला. मग वाटलं आपली वेळ चुकली. वाड्याजवळ पोचले तरी कुणी भुंकलं नाही.

मावशी जाळी शिवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"गाडी आल्ती," त्या म्हणाल्या. "जाळीची. मान्सं उतरली, पट्टेवाली तेवढी घेतली. तांबडी तर आपल्या पायानं गेली जवळ. तिला वाटलं तूच आलीस."

"कोण होते? कुणी पाठवलं?"

"ते तुमास्नी ठाव मॅडम. लांडग्यानं कोकरं न्हेली, ते आमास्नी ठाव."

आजवर मी लेक होते. आता मॅडम झाले होते. मी तशीच गाडीकडे परत आले आणि मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, "फाट्यावर भेट, चहा घेऊ." आवाजावरूनच कळलं की तिला सगळं ठाऊक आहे.

सुप्याच्या फाट्यावरच्या हॉटेलात ती आधीच येऊन बसली होती. माझ्यासाठी कमी साखरेचा चहा सांगून ठेवला होता. इतकी वर्षं तिला माझ्या चहातली साखर ठाऊक होती, याचा त्या दिवशी मला राग आला.

"अगं, तूच दाखवलं होतंस ना," ती म्हणाली, "कुत्री कमी झाली की रोग झटकन उतरतो म्हणून."

"आणि पुढे तीच रेषा उसळते, ते?"

"बैठकीत पुढचं कोण बघतं? खोकडं मरत होती, वरून रोज फोन. दिवाळीच्या आत काहीतरी करून दाखवायचं होतं."

"मग पट्टेवालीच का?"

तिने कप बशीत फिरवला. मग म्हणाली, "हाताला येतात ती. बुजरी पळतात. गाडी एकच दिवस मिळाली होती. तूच तर म्हणाली होतीस, माणसाळलेली पटकन येतात."

"नेली कुठे?"

"लांब. घाटापलीकडे सोडली म्हणे."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

एवढं साधं उत्तर. मी नाही म्हणणार हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणून तिने विचारलंच नाही. लस दिलेली कुत्री नेली आणि बिनलशीची माळावर ठेवली. असा उफराटा प्रकार मी गणितात कधी घातलाच नव्हता, कारण जाणतं माणूस असं करेल हे मनातच आलं नव्हतं. घरी येऊन तो घालून पाहिला. रेषा थेट वर गेली. पण मला रेषेचं तितकं दुःख नव्हतं. मावशींसमोर 'ही सांगते ते खरं आहे' म्हणणारी तीच, आणि माझा शब्द विकणारीही तीच. केसाने गळा कापला तिने माझा, आणि वर चहाचे पैसे दिले.

नाताळला ती आमच्याकडे आली नाही तर आईला काय सांगायचं, हाही विचार त्या दिवसांत मनात यायचा. इतक्या साध्या गोष्टींत ती रुतून बसली होती.

मावशींचं कुटुंब कोकणाकडे निघायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा गेले. माळावर तोवर नवी कुत्री दिसू लागली होती, एक खोकडही उन्हात गोल फिरताना दिसलं होतं. पिल्लाला लस नव्हती आणि आता वाड्याला राखण तेवढीच होती. मैत्रिणीनेच मला कातडी चिमटीत धरून सुई द्यायला शिकवलं होतं, ते उपयोगी पडणार होतं. मावशी नाही म्हणाल्या असत्या तर मी मुकाट्याने परत आले असते.

त्यांनी लशीच्या डब्याकडे बघितलं. मग पिल्लाला ओढून मांडीत घट्ट धरलं.

"सुई मारा. रंग नगं."

"नाही लावत मावशी. रंग आणलाच नाही."

मी पुढे झाले. पिल्लू आता बरंच मोठं झालं होतं, मान वळवून माझ्याकडे बघू लागलं, शेपटी हलवू लागलं. त्यासरशी मावशींनी आपला पदर त्याच्या तोंडावर टाकला आणि वरून हात दाबून धरला.

"तोंड दिसाया नगं तुमचं त्याला," त्या म्हणाल्या. "वळख झाली तर परत कुनाच्याबी गाडीजवळ जाईल."

मी पदराखालच्या कुत्र्याला सुई दिली. ते कळवळलं. मी बाजूला होऊन, त्याच्याकडे पाठ करून माळ उतरले, आणि बरीच लांब गेल्यावर मावशींनी पदर काढला असावा, कारण मागून भुंकणं ऐकू आलं.