काजळीचा मालक

आमचे आतोबा आयुष्यात एकाही माणसाला पुरते पटले नाहीत आणि एकाही घोड्याने त्यांना कधी लाथ मारली नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं ते स्वतःच अभिमानाने सांगत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नोकरी नाशिक रोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात, घर वालदेवीच्या काठाला आणि जीव घरामागच्या पागेत. पागा कसली, पत्र्याची शेडच होती, पण तिला शेड म्हटलेलं त्यांना खपत नसे. सत्तरचं दशक सरत आलं होतं, तेव्हा मला तिथल्या एका शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली आणि मी त्यांच्याकडे राहायला गेले. बॅग हातात घेऊन मी दारात उभी, तर आतोबांनी माझ्या नाकाजवळ नाक आणलं, एक हलकी फुंकर मारली, उत्तराची जरा वाट पाहिली आणि आत हाक दिली, "अगं, राहू दे हिला. घाबरट आहे, पण चावणार नाही." घोडे अशीच ओळख करून घेतात, हे मला आत्याने नंतर समजावलं. शेजारणी आपली तान्ही बाळं त्यांच्यापासून लपवून का ठेवतात, तेही तेव्हाच कळलं.

माणसाची पारख ते कानांवरून करत. मला बघायला एक इंजिनिअर आला होता. पोहे झाले, चहा झाला, मुलगा चांगला हसतमुख, पगार उत्तम. तो जाताच आतोबा म्हणाले, "नको. बोलताना याचे कान मागे जातात. आज ना उद्या उधळेल." आत्या कावली. "अहो, माणसाचे कान कुठे हलतात?" आतोबा शांतपणे म्हणाले, "तुला दिसत नाहीत, इतकंच." मी त्यांच्यावर आठवडाभर रुसले होते. पुढे तो इंजिनिअर खरंच उधळला, घरदार टाकून कुठे नाहीसा झाला ते त्याच्या आईलाही कळलं नाही. तेव्हापासून आरशासमोर उभी राहिले की मी आधी स्वतःचे कान बघते.

सकाळी ड्यूटीआधी ते लोकांना घोड्यावर बसायला शिकवत. म्हणजे बसायला येत लोक, आणि शिकायला मिळे भलतंच. पागेत एक म्हातारा, समजूतदार घोडा होता. नव्या माणसाने त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं, आणि घोडा आपण होऊन खांद्यावर तोंड टेकेपर्यंत उठायचं नाही, हा पहिला धडा. "ज्याला आपण पाठ देऊ शकतो, तोच आपला," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. एका बँकेच्या मॅनेजरांनी अशा कित्येक सकाळी बसून काढल्या. घोड्याने त्यांचा मफलर खाल्ला, तो त्यांच्या टकलावर शिंकला, पण तोंड काही टेकेना. लग्नसराईत वरातीपुरतं बसायला शिकवा म्हणून नवरदेव येत, त्यांनाही हाच नियम. एक नवरदेव चिडून म्हणाला, "काका, मला फक्त मारुतीच्या देवळापर्यंत जायचंय हो!" आतोबा म्हणाले, "आणि तिथून पुढे? संसार पाठ देऊनच करायचा असतो." पोरगा निमूट बसला.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. एक गोष्ट मात्र तशी नव्हती. घोडा चालता चालता मध्येच थांबतो, कान ताठ करतो आणि रिकाम्या वाटेकडे बघत राहतो, हे घोडेवाल्यांना नवं नाही. लोक टाच मारतात, लगाम ओढतात. आतोबा बाजूला होत, हात जोडत आणि उभे राहत. घोड्याने मान खाली घातली की मगच पुढे. मी विचारलं, "कोणाला जाऊ देता?" तर म्हणाले, "मला काय माहीत? त्याला दिसतंय ना." यात गंमत म्हणून काही नव्हतं, भक्ती म्हणूनही नव्हतं. स्टेशनवर गाडीला सिग्नल नसला की ड्रायव्हर थांबतो, तसे ते थांबत. पहाटे नदीवरून धुकं वर आलेलं, मॅनेजर घोड्यावर जीव मुठीत धरून बसलेले, आतोबा हात जोडून उभे, आणि समोर काहीही नाही. त्या काहीही नसलेल्या जागेतून गार वारा अंगावर येई. मी शिकलेली मुलगी, शाळेत विज्ञान शिकवणारी. तरीसुद्धा मीही बाजूला सरकायला लागले, ते कधीपासून हे मला सांगता येणार नाही.

काजळी आली ती येवल्याच्या बाजारातून. येवल्याला मंगळवारी घोड्यांचा बाजार भरतो. शाळेला सुटी होती, म्हणून मीही आतोबांबरोबर एसटीने गेले. एका कडेला काळीभोर, देखणी घोडी उभी होती आणि तिच्याभोवती कोणीच नव्हतं. व्यापाऱ्याने आधीच सांगून टाकलं, "साहेब, जनावर लय गुणाचं हाय, खोटं नाय बोलत. पण डोळ्याखाली बघा. आसूढाळ हाय." तिच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा एक भोवरा होता, पाणी ओघळून वाळावं तसा. अशी घोडी ज्याच्या मालकीची, त्याचं मरण ओढवतं आणि त्याच्या घरात रडणं येतं, हा बाजाराचा ठाम समज. "दोन मालक गेले हिचे. दुसऱ्याची बाई ती काय उभी हाय, दावं धरून."

आतोबा काही बोलणार, एवढ्यात घोडी वळली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. झालं! "इतक्या गर्दीत तिने मला पाठ दिली," ते मला म्हणाले. बाजाराची रीत अशी, की आधी जुन्या मालकाने दावं सोडायचं, मग जनावर सुटलं. दोघांच्याही हातात दावं असेल, तोवर ते जुन्याचंच. त्या बाईने हातातून विस्तव टाकावा तसं दावं टाकलं आणि मागे न बघता निघून गेली. आतोबांनी ते उचललं.

घरी आत्याने भोवरा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. तिचं लहानपण येवल्याकडे गेलेलं, तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. "माझ्या कुंकवाशी खेळ मांडलात तुम्ही," एवढंच म्हणाली. आतोबा हसले. "अगं, केस आहेत ते. कंगव्याने उलटे फिरव, भोवरा संपला."

काजळी अंगाला हात लावू देई, खरारा करू देई, पण पाठीवर कोणाला घेत नसे. उधळत नसे, लाथा झाडत नसे. पाय टाकला की नेमकी एक पाऊल बाजूला सरके आणि माणूस जमिनीवर. मॅनेजर पडले, मी पडले, खुद्द आतोबा रोज पडत. पडून उठले की तिची माफी मागत. आत्या मागच्या दारात पदर तोंडात धरून बघत राही. मग एका सकाळी ते काठावरच्या दगडावर पडले. डोक्याला खोक पडली, सदरा रक्ताने भिजला. काजळी तिथेच उभी होती आणि तिच्या त्या डाव्या डोळ्यातून खरोखरीचं पाणी वाहत होतं. माशी गेली असेल, चिलट गेलं असेल. मी मनाशी घोकत होते, माशी गेली असेल.

त्याच दिवशी आत्याने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "हे बघ, भोवरा मालकाला भोवतो. मी घोडी मागून घेणार. मी मालकीण झाले, की हे सुटले."

"आत्या, अगं खोटं असतं हे सगळं!"

"खोटं असेल तर कोणालाच काही होणार नाही. खरं असेल तर यांना होणार नाही. यात माझं काय बिघडलं?" तिने माझ्याकडून शपथ घेतली, की आतोबांना यातलं अक्षर सांगायचं नाही.

आत्याने घोडी मागितल्यावर आतोबांनी आधी तिचे कान बघितले. मग म्हणाले, "घे. आमचं सगळं तुझंच आहे." बाजारात देतात तशी रीतसर द्या, असा तिचा हट्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी मी म्हणत होती. आतोबा शाल लपेटून, डोक्याला पट्टी बांधून, लग्नात उभे राहिल्यासारखे गंभीर. आत्याने काजळीला हळदकुंकू लावलं, आतोबांनी तिच्या हातात दावं दिलं. घोड्यांना जन्मभर भ्यालेली माझी आत्या ते क्षणभर धरून लगेच परत त्यांच्याकडे देत म्हणाली, "घेतली हं. आता बांधा तुम्हीच, मला भीती वाटते." मी आणि सकाळचे शिकाऊ पोट धरून हसलो. आतोबा तेवढे हसले नाहीत.

पण मालकीण झाल्यावर आत्याने कामात कुचराई केली नाही. घोड्याने ओळखल्याशिवाय मालकी पक्की कशी होणार? ती पागेत पाट मांडून, काजळीकडे पाठ करून मेथी निवडायला बसू लागली. सुरुवातीला निम्मी मेथी काजळीच्या पोटात जाई. मग एकदा निवडता निवडता आत्याचा हात थांबला. तिच्या खांद्यावर ते मोठं काळं तोंड येऊन टेकलं होतं. आत्या हलली नाही. मोठा श्वासही न घेता मला कुजबुजत म्हणाली, "केवढं जड आहे गं!" आतोबांची शिष्या म्हणून इतकी वर्षं जी कोणी निघाली नव्हती, ती त्यांच्या स्वयंपाकघरातून निघाली.

आणि त्या हिवाळ्यात, आमच्यापैकी कोणालाही न घेणाऱ्या काजळीने आत्याला पाठीवर घेतलं. नऊवारी नेसणारी बाई, काष्टा आयताच. आतोबांनी टेकू दिला, आत्या बसली, काजळी एक पाऊलही सरकली नाही. नदीवर इतकं दाट धुकं होतं, की दहा हातांवरचं दिसेना. दोघी त्यात शिरल्या आणि फक्त टापा ऐकू येत राहिल्या. मग टापा थांबल्या. आम्ही धावलो. वाटेच्या मधोमध काजळी कान ताठ करून उभी होती. आतोबांनी सवयीने हात जोडले. पण आत्या वरून पुढे बघत होती, ओळखीचं कोणी भेटल्यासारखी, आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, ती त्या रिकाम्या धुक्याला म्हणाली, "येते हं मी."

घरी आल्यावर मी विचारलं, तेव्हा ती चहा गाळत म्हणाली, "कोणीतरी ओळखीचं वाटलं, म्हणून म्हटलं." आतोबांचा कप तसाच राहिला. त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ड्यूटी चुकवली.

थंडी सरता सरता आत्या आजारी पडली. डॉक्टर आधी रक्त कमी आहे म्हणाले, मग दुसरंच काहीतरी म्हणाले, मग आमच्याशी बोलताना खाली बघायला लागले. काजळी पागेतून सुटून यायची आणि तिच्या खोलीच्या खिडकीतून मान आत घालून उभी राहायची. कोण सोडत होतं तिला, देव जाणे. आत्या मात्र विलक्षण समाधानी होती. आतोबा औषध घेऊन आले, की त्यांच्याकडे डोळे भरून बघायची आणि मला खुणेने सांगायची, बघ, कसे ठणठणीत आहेत. मला तिचा राग येई आणि रडूही येई. एका संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी ती गेली. चेहऱ्यावर पैज जिंकल्यासारखं हसू होतं.

दिवसवार झाले. नातेवाईक जाताना बजावून गेले, ही अवदसा आधी विका. ते गेल्यावर मी पागेत आले, तर आतोबा जमिनीवर बसले होते. शपथ आता कोणासाठी पाळायची, असं वाटून मी त्यांना सगळं सांगून टाकलं. आत्याने घोडी का मागून घेतली, ते.

"माहीत होतं," ते म्हणाले. "मागितली त्याच दिवशी कळलं मला. ती आणि घोडी मागते?"

"मग दिलीत कशाला?"

"दिली कुठे?" त्यांनी उजवं मनगट पुढे केलं, जसं काही दावं अजून तिथेच असावं. "दाव्याचं टोक शालीखाली गुंडाळलेलं होतं. मी सोडलंच नव्हतं. घोडी माझीच होती, मास्तरीणबाई. एक दिवससुद्धा तिची झाली नाही." मग भोवऱ्याला केस म्हणणारा तो माणूस लहान मुलासारखा माझ्याकडे बघून म्हणाला, "मी धरून ठेवलं होतं गं. मग ती का गेली?"

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले आणि आम्ही दोघं खूप रडलो. इतका एकमेकांचा जीव असलेली माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि त्यानंतरही पाहिलेली नाहीत.

घोडी त्यांनी विकली नाही. आतोबा पुढे बरीच वर्षं होते, काजळीही होती. ते रिटायर झाले, नदीकाठाला कॉलन्या उठल्या, स्कूटरवाले हॉर्न मारत जाऊ लागले, तरी सकाळी दोघं वाटेने सावकाश चालताना दिसत. तिच्या पाठीवर मात्र त्यांनी पुन्हा पाय टाकला नाही. कोणी नवखा थांबून विचारी, "आजोबा, घोडी तुमची का?" तेव्हा ते म्हणत, "नाही हो, आमच्या हिची आहे. मी नुसता फिरवून आणतो."