लाल दिसलं की दाबायचं

मिस्त्रींबद्दल लिहायचं मी पंधरा वर्षं टाळत आलो. आमच्या ऑर्केस्ट्रातले जुने लोक भेटले की त्यांचा विषय निघतो आणि कोणीतरी म्हणतं, "लबाडी केली अन् हात गमावला." मी चहा ढवळत बसतो. आता मला चौऱ्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. मिस्त्रींनी लबाडी केली नव्हती. लबाडी माझी होती.

त्यांचा हात सुटायला वेळ लागत नसे. लकडगंजात त्यांचं पंपाच्या मोटारी बांधायचं दुकान होतं, पण लांबलांबचे गिटारवाले त्यांच्याकडे पिकअप घेऊन येत. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखालचं चुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटार हाती आली की मिस्त्री स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं पिकअपवर ठक ठक मारत आणि स्पीकरमधून येणाऱ्या ठोक्यावरून रोग सांगत. एका पोरगेल्या वादकानं आतलं जोडकाम स्वतःच उसवलं होतं आणि वर "हात नाही लावला" म्हणून शपथ घेतली. मिस्त्रींनी पक्कड घेऊन त्याच्यासमोर आतल्या सगळ्या वायरी कापल्या, एक कानाखाली दिली आणि गिटार त्याच्या हातात ठेवली. "खोट्याचा आवाज मी बांधत नाही," म्हणाले. त्याचा ओठ फुटला होता. दुकानात बसलेले आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

एकदा एका हमालाचा पाय नुकत्याच बांधलेल्या गुंडाळीवर पडला, तर त्याला लोखंडी पाइप घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत पळवलं. धापा टाकत परत आले, हात धुतले आणि पुन्हा वेढे घालायला बसले. तीच बोटं आता तार अशी सोडत होती की बघणाऱ्यानं श्वास धरावा. तार तुटायला आली की उजव्या हाताच्या दोन बोटांना आधी कळतं, असं ते सांगत. मोजायच्या यंत्रावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

माझ्या गिटारसाठी मुलीनं परदेशातून पिकअपची जोडी पाठवली तेव्हा ती बसवायला मी त्यांच्याकडेच दिली. त्यांनी आवाजाच्या एका नॉबखाली ओढायचा स्विचही घातला. दोन्ही पिकअप चालू असताना नॉब वर ओढला की एकाची जोडणी उलटी होई, दोघं एकमेकांचा आवाज खात आणि गिटार नाकातून बोलल्यासारखी पातळ वाजे. एखाद्या गाण्याला ते फार गोड लागायचं. पण वादक नॉब खाली करायला विसरतात, हा मिस्त्रींचा अनुभव. म्हणून त्यांची एक रीत होती. घरून आणलेल्या बाटलीतलं लाल नेलपॉलिश ते नॉबच्या दांडीला लावत. नॉब खाली असला की रंग झाकलेला, वर असला की लाल कडं दिसणार.

"ध्यान ठेव गा मास्तर," ते मला म्हणाले. मी चित्रकलेचा शिक्षक होतो, म्हणून मास्तर. "लाल दिसलं की दाबायचं. बाकी मले काही सांगायचं नाही."

त्याच आठवड्यात एका मोठ्या रिसेप्शनमध्ये माझी गिटार मेली. सुरुवातीलाच एका गाण्यासाठी मी नॉब ओढला होता आणि पुढे विसरलो. प्रत्येक गाणं पत्र्यावर नख ओढल्यासारखं. लोकांनी आरडाओरडा केला, कोणीतरी खुर्ची फेकली आणि आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकाची सगळ्यांसमोर कॉलर धरली गेली. त्या वेळी माझी साठी जवळ आली होती आणि माझ्या जागेसाठी एक तरणा वादक दोन महिने तालमीला येऊन बसत होता. मालकानं मला विचारलं, काय झालं. मी म्हणालो, मिस्त्रीनं परदेशी पिकअप काढून स्वतःचे बसवलेले दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक, त्याची दोन माणसं आणि मी दुकानात गेलो. पिकअप बदलल्याचं ओरडतच मालकानं मारायला सुरुवात केली. मिस्त्रींचं डोकं कपाटावर आपटलं, काच फुटून त्यांच्या मानेवर आली. ते एवढंच म्हणत होते, "गिटार दाखव, मास्तर. गिटार तर दाखव." मी पिशवी उघडली. लाल कडं स्वच्छ दिसत होतं.

मी अंगठ्यानं नॉब खाली दाबला.

मिस्त्रींनी माझा अंगठा पाहिला. तेवढ्यात त्या दोघांनी त्यांचा उजवा हात टेबलावरच्या, काम घट्ट पकडायच्या लोखंडी शिकंज्यात धरला आणि मालक त्याची दांडी फिरवू लागला. मिस्त्रींच्या डाव्या हाताशी हातोडी होती. त्यांनी ती उचलली नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, "तू सांग गा. म्या बदलवले का?"

"आवाज तर बदलला," मी म्हणालो.

दांडी आणखी एकदा फिरली. सुकी काडी मोडावी तसा आवाज झाला, पाठोपाठ दुसरा. मिस्त्री ओरडले नाहीत, त्यांना ओकारी आली. मालकानं जाताना सगळ्या तयार गुंडाळ्या बुटाखाली चिरडल्या. घरी येऊन मी गिटार जोडली. आवाज भरदार होता. ऑर्केस्ट्रातली माझी जागा पुढे चार वर्षं टिकली.

दुकान बंद झालं. मिस्त्री काटोलला बहिणीकडे गेले आणि संत्र्यांच्या बाजारात डाव्या हातानं फळं निवडू लागले. मला तिथं जायला अकरा वर्षं लागली. बसमध्ये एकच वाक्य घोकत गेलो. ते अंगणात बसले होते. उजव्या हाताची दोन बोटं तळव्याकडे वळून गेली होती.

"आणली का?" त्यांनी विचारलं. मी गिटार मांडीवर दिली. स्क्रूड्रायव्हर नव्हता, म्हणून त्यांनी नखानं पिकअपवर ठक ठक केलं. "तेच आहेत," म्हणाले. मग नॉब वर ओढला. रंग उडून गेला होता. त्यांनी भाचीकडून नेलपॉलिशची बाटली मागवली आणि माझ्यापुढे धरली. "माह्या हातानं जमत नाही. तू लाव."

मी लावलं. त्यांनी फुंकर घालून रंग वाळवला आणि म्हणाले, "आता दिसन तुले."

मी "हो" म्हणालो. बहिणीनं चहा आणला, संत्री पिशवीत घातली, बसची वेळ झाली. पुढच्या हिवाळ्यात ते गेल्याचं कळलं. घोकलेलं ते वाक्य अजून माझ्याजवळच आहे.

मिस्त्री, मला तेव्हाही लाल दिसलं होतं.