तळ्याकाठचे बूट

मंडळी, मुलीला भेटायला विस्कॉन्सिनमधल्या एका कॉलेजच्या गावात आलेय. आजचं सांगते.

सकाळी इथल्या संग्रहालयात गेलो, तर भिंतीवर आमचं रेवदंडा! १९३०च्या सुमाराचा फोटो. होडीत उभे चार कोळी आणि खाली पाटी : 'गरिबीमुळे अनवाणी.'

फोटोच्या कोपऱ्यात वाळूवर चार जोड वहाणा नीट काढून ठेवलेल्या दिसत होत्या. आमच्यात होडीला देव मानतात, पायताण घालून कुणी चढत नाही.

दुपारी तळ्यावर होडी चालवायला गेलो. सवयीनं मी काठावर बूट काढले. भाड्यानं होड्या देणारी बाई म्हणाली, "बूट घालूनच बसायचं, नियम आहे."

मुलगी कुजबुजली, "आई, घाल ना. मागे लोक थांबलेत."

घातले. बसले. तळं छान होतं म्हणे.

मुलीनं होडीतला माझा कमरेपर्यंतचा फोटो गावी धाडला. संध्याकाळी दादाचा फोन आला. तिकडे पहाट, तो समुद्रावर निघालेला.

"होडीत बसलीस व्हय? पायताण काढलं व्हतंस ना?"

"व्हय दादा," म्हटलं.

त्या पाटीबद्दल उद्या संग्रहालयात तक्रार करणार होते. आता कोणत्या तोंडानं जाऊ, सांगा.